आंतरपिकातील कसावा : रोगप्रतिकार आणि उत्पन्न यांच्या मापनाची चिकित्सा

कंदमुळांच्या नव्या वाणाची शिफारस करताना सामान्यतः दोन आकडे पुढे ठेवले जातात. एक रोगाच्या तीव्रतेचा, दुसरा हेक्टरी उत्पन्नाचा. हे दोन्ही आकडे बहुधा सलग पिकाच्या चाचणीतून आलेले असतात. उलटपक्षी, ज्या शेतकऱ्याच्या हाती तो वाण अखेरीस पडावयाचा असतो, तो पुष्कळदा कंदमूळ एकटे लावीतच नाही. मका, चवळी किंवा भुईमूग यांच्या जोडीने, अथवा नारळाच्या बागेत मोकळ्या राहिलेल्या जागेत, तो ते लावतो. ज्या परिस्थितीत वाणाची परीक्षा झाली आणि ज्या परिस्थितीत त्याला नांदावयाचे आहे, त्या दोहोंमध्ये असलेले हे अंतर नवे नाही. त्याची जाणीवही अभ्यासकांना फार पूर्वीपासून आहे. परंतु हे अंतर मिटविण्याकरिता जी मापे पुढे योजली गेली, ती मापे स्वतः कितपत निर्दोष आहेत, याचा विचार मात्र त्या मानाने कमी झालेला दिसतो. कसावा या पिकाच्या आणि त्यावरील मोझेक रोगाच्या आधारे हा विचार करता येण्यासारखा आहे.

१. पीक व रोग

कसावा, ज्याला मराठीत साबुकंद असेही म्हणतात, हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक होय. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात आफ्रिकेत नेले. केरळात त्याच्या प्रसाराचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रावणकोरच्या गादीवर असलेल्या विशाखम् तिरुनाळ महाराजांना दिले जाते. महाराष्ट्रात हे पीक फारसे परिचित नसले, तरी उपवासाच्या दिवशी घरोघर शिजणारा साबुदाणा याच्याच पिठापासून तयार होतो, आणि तो मुख्यतः तामिळनाडूतील सेलम व त्या आसपासच्या जिल्ह्यांतील कारखान्यांतून येतो.

या पिकाची लागवड बियांपासून होत नाही. खोडाचे तुकडे, म्हणजे बेणे, जमिनीत पुरून होते. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. कारण बियाण्यावाटे बहुधा न उतरणारा विषाणू बेण्यावाटे मात्र बिनदिक्कत पुढच्या वर्षात उतरतो. मोझेक रोगाचे पहिले वर्णन १८९४ साली वारबुर्ग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तत्कालीन जर्मन पूर्व आफ्रिकेतून केले. रोगट झाडाची पाने पिवळट-हिरव्या चट्ट्यांनी भरतात, आक्रसतात व वाकडी होतात; मुळे पोसत नाहीत. रोगाचा प्रसार पांढऱ्या माशीमुळे होतो, तसाच तो रोगट बेण्यामुळेही होतो. आफ्रिकेत या रोगाने होणारी हानी थ्रेश व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एकंदर उत्पादनाच्या १५ ते २४ टक्के एवढी अंदाजिली होती. भारतात या रोगाला कारणीभूत होणारे दोन विषाणू ज्ञात आहेत. त्यांपैकी श्रीलंकन कसावा मोझेक विषाणू २०१५ साली कंबोडियात आढळला आणि पुढे तेथून व्हिएतनाम व थायलंडमध्ये पोचला. बेण्याच्या वाहतुकीचा या प्रसारात मोठा वाटा होता.

२. ‘प्रतिकारक’ या शब्दाचा अर्थ

रोगप्रतिकारक वाणाची पैदास हा या रोगावरील उपायांचा कणा मानला गेला आहे. त्याचा आरंभ टांगानिकातील अमानी येथे एच. एच. स्टोरी व आर. एफ. डब्ल्यू. निकोल्स यांनी १९३० नंतरच्या दशकात केला. लागवडीच्या कसाव्यात पुरेशी प्रतिकारक्षमता न आढळल्यामुळे त्यांनी त्याचा सिआरा रबर या जंगली नातलगाशी संकर केला आणि त्या संकराचा पुनःपुन्हा कसाव्याशीच संयोग घडवून मुळांचे गुण परत मिळविले. या पैदाशीतील बी पुढे नायजेरियात गेले. १९७० नंतर इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषिसंस्थेत एस. के. हान यांनी त्यातून निवडलेल्या झाडांच्या आधारे जे वाण सिद्ध केले, त्यांनीच युगांडातील १९९० नंतरच्या महामारीत तेथील शेतीला सावरले. यानंतर नायजेरियातील शेतकऱ्यांच्या देशी वाणांत प्रतिकारक्षमतेचा एक वेगळा, एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून असलेला उगम सापडला. या परंपरेचे मोल निर्विवाद आहे. तथापि, या परंपरेत ‘प्रतिकारक’ हा एक शब्द निदान चार भिन्न गोष्टींकरिता वापरला गेला आहे, हेही तितकेच खरे.

एखाद्या वाणाला माशीकडून लागण सहजासहजी होत नाही. दुसऱ्याला लागण होते, परंतु विषाणू सर्व अंगात पसरत नाही. तिसऱ्यात विषाणू पसरतो, पण लक्षणे सौम्य राहतात. चौथ्यात लक्षणे स्पष्ट दिसतात, तरीही उत्पन्न फारसे घटत नाही. यांपैकी शेवटच्या दोहोंना खरे पाहता सहनशीलता म्हटले पाहिजे. सलग पिकाच्या एका हंगामाच्या चाचणीत हे चारही वाण समाधानकारक ठरू शकतात. पण त्यांचे बेणे पुढच्या वर्षी काय करील, याचे उत्तर चौघांत निरनिराळे आहे. दुसऱ्या प्रकारच्या वाणात विषाणू शेंड्याकडील भागापर्यंत पोचत नसल्यामुळे रोगट झाडाच्या वरच्या भागातून घेतलेले बेणे पुष्कळदा निरोगी निघते. या गुणामुळे शेतकऱ्याचे बेणे वर्षानुवर्षे फारसे बिघडत नाही. तिसऱ्या प्रकारातील वाण मात्र शेजारच्या शेताला रोग पुरविणारे मूक भांडार ठरू शकतो. दोघांनाही एकच विशेषण लावणे म्हणजे हिशेबात जमा आणि नावे एकाच रकान्यात लिहिण्यासारखे आहे.

या गोंधळात रोगमापनाच्या प्रचलित पद्धतीने भर घातली आहे. लक्षणांची तीव्रता १ ते ५ या श्रेणीत मोजली जाते. १ म्हणजे निरोगी, ५ म्हणजे पाने अत्यंत विकृत. मग सर्व झाडांच्या गुणांची सरासरी काढून ती वाणाच्या नावावर मांडली जाते. बारा झाडांच्या एका वाफ्यात नऊ झाडे निरोगी व तीन झाडे ५ या श्रेणीची असतील, तर सरासरी २ येते. दुसऱ्या वाफ्यात बाराही झाडे सौम्य, म्हणजे २ या श्रेणीची असतील, तरीही सरासरी २ च येते. पहिल्या वाफ्यातून निरोगी दिसणाऱ्या नऊ झाडांचे बेणे निवडून घेता येते. दुसऱ्यात लक्षणांवरून निवडण्याजोगे एकही झाड उरत नाही. किती झाडांना लागण झाली आणि लागलेल्या झाडांत रोग किती तीव्र आहे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवल्याशिवाय सरासरीला अर्थ राहत नाही.

३. आंतरपीक रोगाला आवरते काय ?

मिश्र पिकात कीड व रोग कमी होतात, हा समज लोकांत तर आहेच, पण संशोधनपर लिखाणातही तो पुष्कळदा गृहीत धरला जातो. कसाव्याच्या बाबतीत त्याला आधार म्हणून कोलंबियातील गोल्ड, अल्टिएरी व बेलोटी यांच्या प्रयोगांचा उल्लेख होतो. १९८९ व १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चवळीबरोबर लावलेल्या कसाव्यावर पांढऱ्या माश्यांची संख्या सलग पिकापेक्षा कमी आढळली आणि चवळी काढून नेल्यानंतरही हा परिणाम काही महिने टिकला. मक्याच्या जोडीत मात्र असा परिणाम दिसला नाही.

हा निष्कर्ष मोलाचा आहे. पण त्याचा वापर करताना दोन गोष्टींचा विसर पडतो. पहिली गोष्ट अशी की, दक्षिण अमेरिकेत कसाव्याचा हा मोझेक रोग नाही. तेथील पांढऱ्या माश्या निराळ्या जातींच्या असून त्या रस शोषून थेट नुकसान करतात. थेट नुकसान माश्यांच्या संख्येच्या प्रमाणात होते. संख्या निम्म्यावर आली तर हानीही बऱ्याच अंशी उतरते. विषाणूच्या वाहकाची गोष्ट तशी नाही. झाडाला एकदा लागण झाली की ती झाली. ती एका माशीने केली की शंभर माश्यांनी, याला नंतर महत्त्व उरत नाही. सबब माश्यांची संख्या घटल्याचा पुरावा म्हणजे रोग घटल्याचा पुरावा नव्हे. आफ्रिकेत मोझेकवर झालेल्या आंतरपीक-प्रयोगांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत, यात म्हणूनच आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही.

दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. चवळीच्या सोबतीत माश्या कमी का झाल्या, याचे एक कारण अभ्यासकांनी असे मांडले की, चवळीशी झालेल्या स्पर्धेमुळे कसाव्याची झाडे लहान राहिली आणि लहान झाडांकडे माश्या कमी आकर्षिल्या गेल्या. म्हणजे किडीपासूनचे संरक्षण झाडाच्या वाढीची किंमत देऊन मिळाले. ही किंमत परवडणारी होती की नाही, हा प्रश्न निराळा. परंतु संरक्षण आणि किंमत ही एकाच कारणाची दोन फळे आहेत, हे ध्यानात न घेता केवळ संरक्षणाची नोंद करणे एकांगी होय.

येथे काळाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. आयव्हरी कोस्टमध्ये फार्जेत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, रोगट बेण्यापासून उगवलेल्या झाडाचे नुकसान सर्वांत अधिक होते. माशीमुळे लवकर झालेल्या लागणीचे त्याहून कमी. आणि लागवडीनंतर सुमारे चार महिन्यांनी झालेल्या लागणीचे जवळजवळ नगण्य. आता कसाव्याचा पर्णसंभार जमीन झाकावयास सुमारे तीन महिने घेतो, आणि चवळी किंवा भुईमूग यांसारखे आंतरपीक शेतात उभे असते तेही नेमके याच पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत. अर्थात रोगाच्या दृष्टीने झाड जेव्हा सर्वाधिक नाजूक असते, तेव्हाच त्याच्याभोवती आंतरपीक असते. आंतरपिकाचा रोगप्रसारावर काही परिणाम असेल, तर तो याच काळात शोधावयास हवा. पीक काढणीच्या वेळी घेतलेली एकच रोगनोंद या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहे. दर महिन्याला किती नवी झाडे लागली, याचा आलेख हवा. शिवाय ज्या शेतात निम्मे बेणे आधीच रोगट लावले गेले आहे, तेथे आंतरपिकाला राखण्याजोगे फारसे काही उरत नाही. मग त्या प्रयोगात आंतरपीक ‘निष्प्रभ’ ठरते, आणि दोष आंतरपिकाचा नसून बेण्याचा असतो.

लहान वाफ्यांच्या चाचणीत आणखी एक दोष दडलेला असतो. व्हॅन डर प्लांक यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात या प्रकारच्या चुकीची विस्ताराने चर्चा केली आहे. रोगाला बळी पडणारा आणि प्रतिकारक असे दोन वाण शेजारशेजारच्या वाफ्यांत असले, म्हणजे रोग एकाकडून दुसऱ्याकडे वाहतो. प्रतिकारक वाण प्रत्यक्ष शेतात दिसला असता त्याहून वाईट दिसतो, तर दुबळा वाण त्याहून चांगला. पांढरी माशी वाऱ्याबरोबर वाहून येते. आयव्हरी कोस्टमधील निरीक्षणांत वाऱ्याच्या दिशेच्या कडेला रोग अधिक आढळला. अशा स्थितीत दहा-बारा मीटर लांबीच्या वाफ्यात आंतरपीक आणि सलग पीक शेजारशेजार ठेवून केलेली तुलना आंतरपिकाचे गुण आणि दोष दोन्ही पुसट करते.

४. उत्पन्नाचे माप आणि त्याचा फसवा गुण

आंतरपिकाच्या उत्पन्नाचे मूल्यमापन करण्यासाठी भूमि-समतुल्यता गुणोत्तर सर्वमान्य झाले आहे. विली व ओसिरू यांनी १९७२ मध्ये युगांडातील मका व घेवडा यांच्या प्रयोगांत या कल्पनेचा उपयोग केला. मीड व विली यांनी १९८० मध्ये तिची सैद्धांतिक मांडणी केली. प्रत्येक पिकाचे आंतरपिकातील उत्पन्न त्याच्या सलग पिकातील उत्पन्नाने भागावयाचे आणि येणारे भागाकार मिळवावयाचे. बेरीज १ पेक्षा अधिक आली, तर तेवढेच उत्पन्न सलग पिकांतून काढण्यास अधिक जमीन लागली असती, असा त्याचा अर्थ. दोन पिकांची एका मापाने बेरीज करण्याची ही युक्ती खरोखर सोपी व उपयुक्त आहे.

परंतु वाणांची तुलना करताना, आणि त्यातही रोग असताना, हेच माप कसे फसविते हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. पुढील आकडे केवळ युक्तिवाद समजावा म्हणून घेतले आहेत. ‘क’ हा वाण मोझेकला बळी पडतो. ‘ख’ हा प्रतिकारक आहे. रोगाचा जोर असलेल्या वर्षी ‘ख’ सलग पिकात हेक्टरी ३० टन आणि चवळीबरोबर २४ टन देतो. ‘क’ सलग पिकात १५ टन आणि चवळीबरोबर १४ टन देतो. चवळीचे सलग उत्पन्न हेक्टरी १ टन. ‘ख’ च्या दाट पर्णसंभाराखाली ती ०.५ टन येते, तर ‘क’ ची पाने रोगाने आक्रसल्यामुळे अधिक प्रकाश मिळून ०.६ टन येते.

गुणोत्तर काढले तर ‘ख’ चे ०.८० अधिक ०.५०, म्हणजे १.३० होते, आणि ‘क’ चे ०.९३ अधिक ०.६०, म्हणजे १.५३. या मापाने ‘क’ श्रेष्ठ ठरतो! ज्या वाणाने शेतकऱ्याला दहा टन कमी दिले, तोच आंतरपिकास अधिक योग्य म्हणून निवडला जातो. याचे कारण उघड आहे. रोगाने ‘क’ चे सलग उत्पन्न, म्हणजे भाजक, खाली आणला आहे. भाजक जितका लहान, तितका भागाकार मोठा. त्यातच रोगाने आक्रसलेल्या झाडाने शेजारच्या चवळीला प्रकाश देऊन दुसरा भागाकारही वाढविला आहे. रोगी वाण हा ‘चांगला शेजारी’ ठरतो तो त्याच्या दुर्बलतेमुळे.

दोन्ही वाणांना एकच भाजक, म्हणजे सर्वोत्तम सलग वाणाचे ३० टन, लावला की चित्र पालटते. ‘ख’ चे गुणोत्तर १.३० च राहते. ‘क’ चे ०.४७ अधिक ०.६०, म्हणजे १.०७ वर येते. भाजक कोणता घ्यावा, हा प्रश्न मीड व विली यांनीही चर्चिला होता; तो दुर्लक्षिला गेला असेल तर तो सूत्राचा दोष नव्हे, ते वापरणाऱ्यांचा आहे. एकाच वाणाकरिता सलग आणि आंतरपीक या दोन पद्धतींची तुलना करावयाची असेल, तर त्या वाणाचाच भाजक घेणे योग्य; वाणावाणांची तुलना करावयाची असेल, तर सामाईक भाजक अपरिहार्य. दोन भिन्न प्रश्नांना एकच उत्तर देण्याचा अट्टाहास येथे नडतो.

काळाच्या बाबतीतही हे गुणोत्तर उदार आहे. कसावा शेतात दहा-अकरा महिने राहतो, चवळी सुमारे तीन महिने. हीब्श व मॅक्कॉलम यांनी १९८७ मध्ये क्षेत्राबरोबर काळही हिशेबात धरणारे गुणोत्तर सुचविले. वरील ‘ख’ च्या उदाहरणात कसाव्याला दहा व चवळीला तीन महिने धरले, तर ०.८० ला दहाने आणि ०.५० ला तीनने गुणून येणारी ९.५ ही बेरीज दहाने भागावी लागते, आणि १.३० च्या जागी ०.९५ मिळतात. फायदा तोट्यात जातो. येथे मात्र उलट टोकाला जाण्याचे कारण नाही. चवळी काढल्यावर उरलेले सात महिने सलग चवळीच्या शेतकऱ्याला दुसऱ्या पिकासाठी वापरता येतील, हे या सूत्राचे गृहीतक पाणी असेल तेथेच खरे ठरते. कोरडवाहू जमिनीत ते बहुधा खोटे असते. सत्य या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी असते, आणि ते नेमके कोठे आहे हे स्थानिक पाऊस, सिंचन व पीकक्रम ठरवितात.

उत्पन्नाच्या मापात वजनाचा आणखी एक फसवा गुण आहे. युगांडात मोझेकला तोंड देणारे काही वाण पसरल्यानंतर २००४ च्या सुमारास तेथे तपकिरी रेषांचा रोग पुन्हा उसळला. या रोगाचे विषाणू निराळ्या कुळातले आहेत. त्यात पाने पुष्कळदा बऱ्यापैकी दिसतात, पण मुळांच्या आत तपकिरी, कोरडी कूज होते. स्टोरी यांनी या रोगाचे वर्णन १९३६ मध्येच केले होते. अशा वाणाची मुळे तागडीत चांगली भरतात आणि सुरीखाली टाकाऊ निघतात. ‘प्रतिकारक’ म्हणून शिफारस केलेला वाण एकाच रोगाला प्रतिकारक असतो, आणि उत्पन्न म्हणजे खाण्याजोगे किंवा कारखान्यात चालणारे उत्पन्न, या दोन मर्यादा प्रत्येक तक्त्याखाली लिहून ठेवावयास हव्यात.

५. वाणाची ठेवण

रोग आणि उत्पन्न या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे झाडाची ठेवण. उंच, सरळ आणि उशिरा फांद्या फुटणारा वाण पहिल्या तीन महिन्यांत आंतरपिकाला प्रकाश देतो. बुटका, पसरट, लवकर फांद्या फुटणारा वाण तण दडपतो, पण सोबत्यालाही दडपतो. केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने १९७१ मध्ये प्रसारित केलेल्या एच-१६५ व एच-२२६ या संकरित वाणांची ठेवण एकमेकांपासून भिन्न आहे. एच-१६५ सहसा फांद्या न फुटणारा, तर एच-२२६ फांद्या फुटणारा म्हणून ओळखला जातो. हे दोन्ही वाण सेलम भागात कारखान्यांसाठी लोकप्रिय झाले, आणि मोझेकचा त्रास तेथे या वाणांना मोठ्या प्रमाणावर भोगावा लागला. पुढे इबादान येथील पैदाशीतून आलेला एक प्रतिकारक वाण ‘श्रीपद्मनाभ’ या नावाने भारतात आणला गेला. अशा वाणाची निवड करताना केवळ ‘मोझेक येत नाही’ एवढे पुरत नाही. निरोगी झाडाचा पर्णसंभार अधिक दाट होतो. म्हणून प्रतिकारक वाणाबरोबर आंतरपिकाच्या ओळींतील अंतर, लागवडीची वेळ व बियाण्याचे प्रमाण ही सर्व नव्याने ठरवावी लागतात. जुन्या, रोगट वाणाबरोबर बसविलेली आंतरपिकाची शिफारस नव्या, निरोगी वाणाबरोबर जशीच्या तशी चालविणे म्हणजे आधीच्या रोगालाच पीकपद्धतीचा भाग मानण्यासारखे आहे.

निरोगी व रोगट झाडे मिसळून लावल्यास निरोगी झाडे वाढून शेजाऱ्याची उणीव काही अंशी भरून काढतात, हे ओटिम-नापे, थ्रेश व शॉ यांनी युगांडात केलेल्या प्रयोगांतून १९९७ मध्ये पुढे आले. आंतरपिकातही तेच घडते, फरक एवढाच की उणीव भरून काढणारे झाड दुसऱ्या जातीचे असते. ही भरपाई शेतकऱ्याला खरोखरच तारते. एका वर्षी कसावा बुडाला तरी चवळी घरात येते. पण तीच भरपाई संशोधकाच्या तक्त्यात रोगाची हानी झाकून टाकते. शेतकऱ्याचा विमा हा अशा रीतीने शास्त्रज्ञाचा पडदा होतो.

६. आक्षेप आणि निष्कर्ष

या विवेचनावर एक सयुक्तिक आक्षेप संभवतो. सलग पिकाची चाचणी स्वस्त, सुटसुटीत आणि पुनःपुन्हा करता येण्याजोगी असते; आंतरपिकाच्या चाचणीत जागा, श्रम व अनिश्चितता तिपटीने वाढतात. शिवाय पैदाशीच्या पहिल्या टप्प्यात शेकडो रोपांची छाननी करावयाची असते, तेथे प्रत्येकाला चवळीची जोड देणे अशक्य आहे. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. पहिली छाननी सलग पिकातच व्हावी, आणि तीव्र रोग असलेल्या जागी व्हावी. अमानीपासून इबादानपर्यंत चाललेली ही रीत सोडण्याचे कारण नाही. परंतु पाच-सहा वाण शिफारशीच्या उंबरठ्यावर आल्यावरही त्यांची परीक्षा सलग पिकातच संपविणे, आणि मग आंतरपिकाच्या शिफारशीत त्यांची नावे घालणे, याला मात्र तर्काचा आधार नाही.

अशा अंतिम चाचणीकडून पुढील अपेक्षा ठेवणे वाजवी ठरेल. प्रारंभीचे बेणे रोगमुक्त असल्याची खात्री करून घ्यावी आणि त्याची नोंद प्रसिद्ध करावी. किती झाडे लागली व लक्षणे किती तीव्र आहेत, या दोन गोष्टी वेगवेगळ्या मांडाव्यात. रोगाची नोंद पहिल्या चार महिन्यांत दर महिन्याला घ्यावी. वाफे मोठे असावेत आणि वाऱ्याची दिशा नमूद असावी. भूमि-समतुल्यता गुणोत्तर सामाईक भाजकाने काढावे, आणि त्याच्याशेजारी प्रत्येक पिकाचे प्रत्यक्ष उत्पन्न टनांत अवश्य द्यावे. गुणोत्तर एकटे कधीही छापू नये. मुळे कापून त्यांतील टाकाऊ भाग वेगळा मोजावा. शेवटी, त्याच शेतातील बेणे घेऊन निदान एक वर्ष चाचणी पुढे चालवावी. कारण कसाव्याच्या बाबतीत या वर्षीचा रोग हेच पुढील वर्षीचे बियाणे असते.

यांपैकी शेवटची अपेक्षा सर्वांत खर्चिक आहे आणि म्हणूनच ती सर्वप्रथम वगळली जाते. पण जो शेतकरी कसावा लावतो, त्याला हा हिशेब वगळता येत नाही. तो बाजारातून बियाणे विकत घेत नाही. स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या शेतातील खोडे तोडून पुन्हा पुरतो. एका हंगामाच्या आकड्यावर दिलेली शिफारस त्याच्यापुरती अपुरी असते, आणि तिची चूक त्याच्या शेतात दरवर्षी नव्याने उगवते.